पत्रिका, पावती आणि पंचांग

मंडळी, घराच्या माळ्यावर एखादी जुनी पत्र्याची ट्रंक असेल तर सवड काढून ती एकदा उघडून पाहा. तिच्यात वडिलांच्या किंवा आजोबांच्या लग्नाची पत्रिका सापडेल, तिच्या कोपऱ्यावर हळदीचे बोट वाळून बसलेले असेल. खाली आडत्याने दिलेली पट्टी असेल, सोसायटीच्या पावत्या असतील, एखाद्या जत्रेतल्या कुस्त्यांचे गुलाबी कागदावरचे हँडबिल असेल. शिक्षक बंधू-भगिनींच्या घरी जुने प्रगतिपुस्तकही निघेल. यातला एखादा कागद पालथा करा आणि त्याच्या पाठीवरून हलकेच बोट फिरवा. अक्षरे बोटाला लागली, तर तो कागद खिळ्यांवर छापलेला आहे असे खुशाल समजा. शिशाचे एकेक अक्षर कोणीतरी हाताने उचलले, ओळीत लावले, त्याला शाई पाजली आणि कागद त्यावर दाबला. तो दाब कागदाच्या पाठीवर अजून टिकून आहे.

आज मला बोलायचे आहे ते असल्या कागदांविषयी आणि ते छापणाऱ्या छोट्या छापखान्यांविषयी. मुद्रणाचा इतिहास शिकवताना आम्ही मास्तर लोक ठराविक टप्पे सांगतो. १५५६ साली गोव्यात पहिला छापखाना आला, १८०५ साली श्रीरामपूरला कॅरीचे मराठी व्याकरण निघाले, त्याच वर्षी मिरजेला तांब्याच्या पत्र्यावर कोरून गीता छापली गेली, १८३२ च्या जानेवारीत बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले. हे सारे खरेच आहे. पण या यादीत सगळे ग्रंथ आणि वर्तमानपत्रे. किरकोळ कागदाला, ज्याला धंद्यात 'जॉब' म्हणतात त्याला, तिथे जागा नाही. माझे म्हणणे असे की आपल्याकडचा छापखाना जगला तो या किरकोळ कागदावर, आणि तो जगला म्हणून ग्रंथ आणि वर्तमानपत्रे निघू शकली. हे म्हणणे कितपत पटते ते पुढचे ऐकून तुम्हीच ठरवा.

गणपत कृष्णाजी हे नाव तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. मुंबईतला भंडारी समाजातला हा मनुष्य. त्या काळी मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता आणि त्यात धर्मप्रचाराची पुस्तके छापली जात. ते काम पाहून गणपत कृष्णाजीच्या मनात आले की आपलीही पुस्तके अशी छापावीत. विचार मनात येणे सोपे. पण यंत्र आणायचे कुठून? त्याच्यापाशी भांडवल नव्हते आणि इंग्रजी कारखान्याशी ओळखही नव्हती. तेव्हा त्याने स्वतःच्या हाताने एक लाकडी दाबयंत्र बनवले, दगडाचे तुकडे मिळवले आणि त्यांवर छापून पाहू लागला. हे शिळामुद्रण. गुळगुळीत चुनखडी दगडावर तेलकट शाईने अक्षर काढायचे आणि दगड ओला करायचा. ओल्या जागी छपाईची शाई धरत नाही, तेलकट अक्षरावर धरते. शाईही त्याने घरीच तयार केली. ती फसली, पुन्हा केली. लाकडी यंत्रावर हात बसल्यावर त्याने लोखंडी यंत्र करवून घेतले. गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ च्या 'मुंबईचे वर्णन' या पुस्तकात या खटपटीची हकीकत मोठ्या कौतुकाने लिहून ठेवली आहे.

आणि या यंत्रावर त्याने नाव मिळवले ते कशाने? १८३१ साली, म्हणजे 'दर्पण' निघण्याच्याही आदल्या वर्षी, त्याने पंचांग छापले. मंडळी, पंचांग म्हणजे काही ग्रंथ नव्हे. वर्ष संपले की ते रद्दी. पण ते घरोघर लागते आणि दरवर्षी नव्याने लागते. धंद्याचे मर्म त्या मनुष्याला बरोबर सापडले होते. तोपर्यंत जोशीबुवा हाताने पंचांगाच्या नकला करीत आणि यजमानांना तिथिवार तोंडी सांगत. छापील पंचांग पाहून सनातनी मंडळी बिचकली. छापण्याच्या शाईत चरबी असते, तो कागद सोवळ्यात चालेल कसा, अशी शंका निघाली. तिला उत्तर म्हणून धार्मिक पुस्तकांसाठी तुपात खललेली शाई वापरली जाई, असे सांगतात. विरोध वादविवादाने मोडता येतो असे आपल्याला वाटते. इथे तो शाईच्या मडक्यात मोडला गेला. पुढे १८४३ च्या सुमारास त्याने खिळे पाडून खिळ्यांची छपाईही सुरू केली.

दुसरे नाव जावजी दादाजींचे. जन्म १८३९ चा, घरची गरिबी. पोरवयात ते अमेरिकन मिशनच्या खिळ्यांच्या कारखान्यात लागले, काम काय तर ओतून निघालेले खिळे घासून साफ करायचे. त्या कारखान्याची देखरेख टॉमस ग्रॅहम नावाचा जाणता मुद्रक करीत असे. खिळे घासता घासता जावजींची नजर तयार झाली. १८६४ मध्ये त्यांनी स्वतःचा खिळे पाडण्याचा लहानसा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये 'निर्णयसागर' छापखाना. त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू हे अक्षरे कोरण्यात तरबेज. पोलादी पंचावर उलटे अक्षर कोरायचे, तो पंच तांब्यात ठोकायचा आणि त्या साच्यात शिसे ओतायचे. त्या अक्षरांचे वळण इतके देखणे उतरले की संस्कृत ग्रंथ छापावेत तर निर्णयसागरने, अशी ख्याती देशभर झाली. 'काव्यमाला' ही संस्कृत काव्यांची माला १८८६ पासून तिथूनच निघाली. १८९२ मध्ये जावजी वारले. पण हेही ध्यानात घ्या की निर्णयसागरच्या नावाने पंचांगही निघे. संस्कृत काव्य विकत घेणारे गावोगावी कितीसे असणार? पंचांग घेणारा मात्र प्रत्येक गावात होता.

आता हा हिशेब थोडा उलगडून सांगतो, कारण साऱ्या गोष्टीची मेख यातच आहे. ग्रंथ छापायला घेतला की खिळे महिनोन्‌महिने अडकून पडतात, कागदात पैसा गुंततो, आणि पुस्तक खपले तर पैसा दिसतो. लग्नपत्रिकेचे तसे नाही. आज मजकूर आला, उद्या जुळवला, परवा छापला. गिऱ्हाईक येते तेच कागदाचे पैसे घेऊन येते आणि पत्रिका नेताना बाकी देते. खिळे संध्याकाळी सुटून दुसऱ्या कामाला मोकळे. छोट्या छापखान्याचे भांडवल म्हणजे काही मण शिसेच. ते जितके फिरेल तितकी भाकरी. त्यामुळे लग्नसराईत पत्रिका, सुगीत आडत्यांची बिलबुके, जूनमध्ये शाळांचे कागद, दिवाळीआधी व्यापाऱ्यांची पत्रे, आणि निवडणूक आली की पत्रकांचा पाऊस, असे त्याचे पंचांग असे. निवडणुकीच्या कामाचे पैसे आगाऊ घ्यावेत, हे शहाणपण प्रत्येक छापखानेवाला एकदा बुडूनच शिके.

आता जरा त्या छापखान्यात जाऊन पाहू. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या आडव्या गल्लीत, एक अरुंद दुकान. आत शिरताच राॅकेलचा आणि शाईचा वास. भिंतीला लागून उतरती लाकडी केस. केस म्हणजे खणाखणांची मोठी परात म्हणा ना. इंग्रजीचे काम थोडक्यात होते; लहान-मोठी अक्षरे, आकडे आणि चिन्हे मिळून शंभर-सव्वाशे घरे पुरतात. आपल्या बाळबोध लिपीला काना-मात्रा, उकार, रफार, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे, अशी कित्येक शेकड्यांनी घरे लागतात. खिळ्यांची ही संख्या कशी कमी करावी याची विवंचना लोकमान्य टिळकांसारख्यालाही पडली होती आणि 'केसरी'च्या खिळ्यांसाठी त्यांनी त्यावर पुष्कळ डोके चालवले होते.

या केसेसमोर उभा असतो तो जुळारी. डाव्या हातात पितळी किंवा लोखंडी स्टिक, उजवा हात खणांतून फिरतो. डोळे कागदावर, हाताला घर पाठ. ओळ वाचायची ती उलटी. एकेका खिळ्याचे अक्षर आरशातल्यासारखे असते आणि तीही ओळ डोके खाली करून ठेवलेली. माझी शिक्षकांना एक विनंती आहे. वर्गात एकदा मुलांना खोडरबरावर 'क' कोरायला सांगा आणि शाईत बुडवून उमटवायला सांगा. निम्म्या मुलांचा 'क' पाठमोरा उमटेल. तेवढ्यावरून जुळाऱ्याचे काम काय होते ते मुलांना जन्मभर कळेल.

खिळ्याचा धातू म्हणजे नुसते शिसे नव्हे. शिसे मऊ, लवकर चेपते. त्यात अँटिमनी घातले की ते कठीण होते आणि साच्यात भरून येते. कथील घातले की ओतीव सुबक निघते. जुळवलेला मजकूर लोखंडी चौकटीत ठोकून घट्ट बसवला की फर्मा तयार. तो चढतो ट्रेडलवर. ट्रेडल हे पायाने चालणारे यंत्र अमेरिकेत १८५० च्या आसपास पुढे आले आणि शिवणयंत्रासारखेच जगभर छोट्या दुकानांत जाऊन बसले. त्याला वीज नको; पाय मारला की चाक फिरते, रूळ वरच्या थाळीवरून शाई घेऊन फर्म्यावरून सरकतात आणि जबडा मिटावा तसे यंत्र मिटते. प्रत्येक उघडमीट होताना एका हाताने छापलेला कागद काढायचा आणि दुसऱ्या हाताने कोरा ठेवायचा. लक्ष चुकले की बोट गेले. जुन्या ट्रेडलवाल्यांची बोटे मोजून पाहिलीत तर काहींची दहा भरत नाहीत.

रुळांची गंमत तर सांगायलाच हवी. रबराचे रूळ येण्यापूर्वी ते सरस आणि काकवी शिजवून घरीच ओतत. आपल्या हवेत ते म्हणजे लाडावलेले पोरच. पावसाळ्यात ओल धरून फुगायचे, थंडीत कडक व्हायचे आणि ऐन वैशाखात, जेव्हा पत्रिकांची झुंबड, तेव्हा मऊ पडून फर्म्याला चिकटायचे. म्हणून उन्हाळ्यातली छपाई पहाटे आटपून घेत. दुपारी मालक रुळांना सावलीत ठेवी आणि आपण उन्हात वसुलीला जाई.

इथे माझ्याच एका चुकीची कबुली देतो. १९९३ साली माझ्या थोरल्या बहिणीचे लग्न ठरले तेव्हा मी सातवीत होतो. शुद्धलेखन बरे म्हणून प्रूफ वाचायला मला पाठवले. आता पत्रिकेचा मजकूर तर सगळ्यांचाच सारखा. 'आमच्या येथे श्रीकृपेकरून' इथपासून 'अगत्य येण्याचे करावे' इथपर्यंत ओळी जुळवूनच ठेवलेल्या असत आणि केवळ नावे, गाव, तिथी बदलत. मी नावे तपासली, वेलांट्या तपासल्या, मोठ्या ऐटीने सही केली. तारीख बरोबर होती, पण वार आधीच्या पत्रिकेतला तसाच राहिला होता. गुरुवारच्या लग्नाला आम्ही शुक्रवार छापून आणला! वडील मला एक शब्द बोलले नाहीत. बोरू आणि शाईची दौत आणून त्यांनी रात्री माझ्यापुढे ठेवली आणि तीनशे पत्रिकांवरचा वार मी हाताने दुरुस्त केला. तेव्हापासून कोणताही जुना छापील कागद पुरावा म्हणून हाती घेताना मी तारखेइतकाच वारही पाहतो. इतिहासाच्या अभ्यासाचा माझा पहिला धडा तो.

हे झाले पोटापाण्याचे. पण ज्याच्या घरात छापखाना आहे त्याला एक मोठे बळही असते. मनातले बोलणे चार लोकांपुढे ठेवायला त्याला दुसऱ्याच्या दारात उभे राहावे लागत नाही. सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते कृष्णराव भालेकर यांनी १८७७ च्या जानेवारीत पुण्यात 'दीनबंधु' साप्ताहिक काढले. शेतकऱ्यांची बाजू मांडणारे ते पत्र. छापण्याचा खर्च आणि तुटपुंजी वर्गणी यांच्या ओढाताणीत ते टेकीला आले. १८८० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांनी ते मुंबईला नेऊन पुढे चालवले.

भालेकरांचे पुत्र मुकुंदराव दत्तक गेले आणि पाटील झाले. या मुकुंदरावांनी १९१० च्या नोव्हेंबरात नगर जिल्ह्यातल्या सोमठाणे या खेड्यातून 'दीनमित्र' सुरू केले आणि पुढे ते नेवासे तालुक्यातल्या तरवडी गावातून चालवले. वर्तमानपत्र निघावे तर पुण्या-मुंबईतून, अशी समजूत असलेल्या काळात खेड्यात बसून काढलेले साप्ताहिक! आणि वर्ष कोणते पाहा. त्याच १९१० च्या आरंभी सरकारने छापखान्यांचा कायदा केला होता. नवा छापखाना काढणाऱ्याकडून पाचशेपासून दोन हजार रुपयांपर्यंत अनामत मागण्याची त्यात तरतूद होती. सरकारला न रुचणारे काही छापले की अनामत जप्त. खेड्यातल्या माणसाला पाचशे रुपये म्हणजे काय, ते तुमच्या आजोबा-पणजोबांच्या काळचे भाव आठवून पाहा. अशा दिवसांत शेतकऱ्यांची दुःखे, सावकारी आणि भिक्षुकशाही यांवर 'दीनमित्र' रोखठोक लिहीत राहिले आणि ते १९६७ पर्यंत, म्हणजे मुकुंदरावांच्या अखेरपर्यंत चालले. छपन्न-सत्तावन्न वर्षे! शहरातल्या किती पत्रांचे आयुष्य एवढे असते? तरवडीच्या मुलांना हे ठाऊक असेल. शेजारच्या तालुक्यातल्या मुलांना ते कोणी सांगते का, ही मला शंका आहे.

कागदाच्या तळाशी 'मुद्रक' म्हणून नाव आणि पत्ता छापलेला असतो ना, तोही कायद्याचाच अवशेष बरं का. १८६७ च्या कायद्याने ते बंधन घातले आणि तो कायदा नवा येईपर्यंत, २०२४ पर्यंत, चालला. पुस्तकावर किंवा पत्रकावर सरकारला हवा म्हणून छापलेला हा पत्ता आज आम्हा अभ्यासकांना फार उपयोगी पडतो. कोणत्या गावी केव्हा छापखाना होता ते त्यावरून लागते. लग्नपत्रिका आणि धंद्याची बिलेही पाहा. तिथे छापखान्याचे नाव कोपऱ्यात बारीक दिसते ते जाहिरातीच्या हौसेने.

हे छापखाने बंद कसे पडले ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलेच आहे. १९९० नंतर संगणकावर अक्षरजुळणी आली, ऑफसेट आले, गल्लीबोळात स्क्रीन प्रिंटिंग आले. खिळ्यांच्या केसा वजनावर, शिशाच्या भावाने भंगारात गेल्या. राणोजींच्या वळणाची अक्षरे वितळून कशाकशात गेली असतील कोण जाणे. मला याचे वाईट वाटते; पण खोटे कशाला बोलू, रोज चौदा तास उभे राहून पायाच्या शिरा फुगलेल्या जुळाऱ्याला त्याचे तितके वाईट वाटले नसेल.

मौज अशी की अलीकडे मुंबई-बंगळूरसारख्या शहरांत काही तरुण मंडळींनी जुनी ट्रेडले भंगारातून उचलून पुन्हा चालू केली आहेत. त्यांवर ती लग्नपत्रिका, भेटकार्डे आणि टिपणवह्या छापतात, आणि कागद वापरतात हातबनावटीचा. या कागदाचीही आपल्याकडे जुनी परंपरा आहे. दौलताबादेजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके हातकागद होत आला. १९३४ मध्ये वर्ध्याला अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाल्यावर या धंद्याला पुन्हा धुगधुगी आली आणि के. बी. जोशी यांच्या खटपटीने १९४० मध्ये पुण्यात हातकागदाची संस्था उभी राहिली. कापडाच्या चिंध्या कुटून, त्यांचा लगदा पाण्यात कालवून, चाळणीच्या चौकटीवर एकेक ताव उचलायचा, असा तो कागद. तो जाड आणि मऊ असतो, खिळा त्यात रुततो. नव्या गिऱ्हाइकाला तो रुतलेला ठसाच हवा असतो आणि त्यासाठी ते जास्त पैसे मोजते.

ही बातमी मी आमच्या भागातल्या एका म्हाताऱ्या जुळाऱ्याला सांगितली. चाळीस वर्षे त्यांनी ट्रेडलवर काढली आहेत. मी दाखवलेले कार्ड त्यांनी उजेडात धरले, पालथे केले, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सर, हे बिघडलंय. दाब जास्त झालाय. आमचा मालक असता तर कागदाचे पैसे कापले असते." त्यांच्या हिशेबी चांगला छाप म्हणजे शाई कागदाला जेमतेम शिवावी आणि पाठीवर खूण दिसू नये. त्यासाठी ते फर्म्यामागे पातळ कागदाचे तुकडे डकवून दाब सारखा करीत तासन्‌तास बसत. मग मी सुरुवातीला तुम्हाला सांगितलेली खूण, ती कागदाच्या पाठीवरची, कशाची? मी विचारलेच. ते हसले. "घाईची. लग्नसराईत कोण एवढं बघत बसणार?"

त्यांच्या घरी एकच केस उरली आहे. मी हट्टच धरला तेव्हा त्यांनी स्टिक काढली आणि माझे नाव जुळवून दाखवले. हात थरथरत होता, पण एकदाही घर चुकले नाही. ओळ माझ्या हातात दिली, मी ती उलटी वाचली, फोटो काढला. मला वाटले, आठवण म्हणून ती मला मिळेल. त्यांनी हात पुढे केला. "आणा इकडे काका," असे मी म्हणेपर्यंत ओळ परत त्यांच्या तळहातावर गेली होती. डोळ्यांनी वाचत, एकेक खिळा उचलत, ते तो आपापल्या घरात टाकू लागले. काना कान्याच्या घरात, वेलांटी वेलांटीच्या घरात.